शेळीच्या दुधातलं आयोडीन

आत्याचा अणुवीज केंद्रावर राग होता, आणि तिची सख्खी भाची त्याच केंद्राचा पगार खात होती. आता अशा दोघी एका ताटाशी जेवायला बसल्या की काय रंगत येत असेल, ते तुम्हीच ओळखा. पण भांडण कसलं हो! वरण संपेपर्यंत वाद, आणि पाठोपाठ "अजून थोडा भात घे गं" ठरलेलं. आईच्या आजारपणात महिनाभरासाठी म्हणून आत्याकडे आलेली ही पोर लग्न होईपर्यंत तिथेच राहिली होती. त्यामुळे भाची म्हणायची, पण खरं तर लेकच.

भाचीचं काम ऐकायला सोपं होतं. केंद्राची एक पर्यावरण प्रयोगशाळा होती. तिथून गाडी काढायची आणि कुंपणाबाहेरच्या घराघरांतून दूध, अंडी, पालेभाजी, विहिरीचं पाणी, तळ्यातले मासे गोळा करून आणायचे. मग एकेक नमुना शिशाच्या जाड भिंतींच्या यंत्रात ठेवायचा आणि केंद्रातून काही किरणोत्सर्गी त्यात उतरलंय का ते बघायचं. सगळे तिला नमुनाबाई म्हणायचे. "आमच्या घरी एक जिवंत नमुना आहे बघा, तोही न्या," असं नवऱ्याकडे बोट दाखवून सांगणारी एक तरी बाई रोज भेटायचीच. आणि रोज हिला नव्याने हसावं लागायचं. नोकरी म्हटली की एवढं सोसावंच लागतं.

आत्याचं घर कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. मध्ये फक्त एक माळ. त्या माळावर आत्याच्या शेळ्या चरायच्या, आणि आता नेमका तोच माळ केंद्राला हवा होता.

का हवा होता तेही सांगतो. अणुभट्टीतून काढलेलं वापरलेलं इंधन म्हणजे काही चुलीतली राख नव्हे, की उचलली आणि उकिरड्यावर टाकली. ते आतून धगधगत असतं. आधी ते वर्षानुवर्षं खोल पाण्याच्या टाकीत निवत ठेवायचं. मग पोलाद आणि काँक्रीटच्या, माणसाच्या तिप्पट उंच पिंपांत भरून उघड्या आवारात उभं करायचं. इथली टाकी भरली होती, आवारही भरलं होतं. आवाराच्या फाटकावर पाटी होती, 'तात्पुरता साठा'. तात्पुरता! ही पाटी भाचीच्या जन्माच्याही आधीची. दोनदा गंजली, दोनदा नवी लावली, शब्द मात्र तोच.

त्या माळावरून आत्याने रान उठवलं होतं. "माळावर काँक्रीट ओतलंत तर पावसाचं पाणी मुरेल कुठे? आमच्या विहिरींना पाणी काय तुमचे साहेब फुंकून आणणार? पिंपांच्या झरोक्यांतून गरम वारा येतो, थंडीतसुद्धा तिथे सरडे पाय पसरून पडलेले असतात. उद्या माळावर गवत उगवायचं कधी आणि वाळायचं कधी, ते कोण सांगणार?" प्रश्न चांगले होते. पण गर्दी जमली की आत्याला चेव यायचा आणि ती शेवटी एकच घोषणा द्यायची, "रेडिएशनचा एक कणसुद्धा माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही!" टाळ्या तिथेच पडायच्या. ही बाई एवढी पक्की, की दाढ सुजून गाल टरारून फुगला तरी तिने एक्स-रे काढू दिला नव्हता. दाताचा डॉक्टर हात जोडून कंटाळला.

शेजारचा शिंपी तिचा उजवा हात. तो फलक शिवायचा, आत्या बोलायची.

केंद्राच्या वाढीव साठ्यावर जाहीर सुनावणी ठरली. बाहेरून एक अध्यक्षबाई येणार होत्या, दोन्ही बाजू ऐकणार होत्या. आणि सुनावणी तोंडावर आलेली असताना आत्याचा फोन आला. आवाज कोरडा. "या पंधरवड्यात इकडे येऊ नकोस."

"अगं पण का?"

"नको म्हटलं ना!" आणि फोन ठेवला.

 भाचीला चौथा महिना होता. बातमी कळल्यापासून आत्या दिवसाआड डबा पाठवायची, पोटावर हात ठेवून पोटातल्याशी गप्पा मारायची. आणि आता येऊ नकोस? या माळापायी आत्याने आपल्याला तोडलं, असंच तिला वाटलं. पण नमुन्याचा दिवस नमुन्याचा असतो. ती गेली. आत्याने अंगणाच्या टोकावरूनच ओरडून सांगितलं, "आत येऊ नकोस! बाटली भरून ओट्यावर ठेवलीय. उचल आणि जा."

खरं तर नियम असा, की शेळीची कास धुतलेली डोळ्यांनी बघायची आणि धार थेट प्रयोगशाळेच्या बाटलीत घ्यायची. भाची हा नियम सगळीकडे डोळ्यांत तेल घालून पाळायची. पण त्या दिवशी डोळ्यांत तेलाऐवजी पाणी होतं. तिने बाटली उचलली, गाडीत बसली आणि वळणापर्यंत जाऊन मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुनावणीच्या आदल्या दिवशी, यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात एक सुळका उभा राहिला. आयोडीन. साधं मिठातलं नव्हे, किरणोत्सर्गी. भाचीने बाटली बदलून बघितली, यंत्र तपासून बघितलं, पुन्हा मोजलं. सुळका जागचा हलेना.

तिचे वरिष्ठ धावत आले. त्यांना सगळे दशांशसाहेब म्हणायचे, कारण ते घरी किती पोळ्या खाल्ल्या हेही दशांशात सांगतील अशी ख्याती होती. माणूस वाईट नव्हता, पण सुनावणीच्या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

"शिंप्याच्या गाईचं दूध?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छ आहे. गवत स्वच्छ. हवा स्वच्छ. विहीर स्वच्छ. भट्टीच्या धुराड्यावरची नोंदसुद्धा नेहमीचीच. फक्त आत्याच्या... म्हणजे या एका घरच्या दुधात आहे."

"आणि हे साठ्यातून आलेलं असूच शकत नाही," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "हे आयोडीन आठवड्याभरात निम्मं होतं. आपलं इंधन इतकी वर्षं निवतंय, त्यात याचा मागमूससुद्धा उरलेला नाही. पण उद्या हे पटवून कुणाला देणार? फाटकावरच्या फळ्यावर आकडा लागला की लोक म्हणणार, पिंपं गळली! बाई, तुमच्या आत्यानेच मुद्दाम काही मिसळलं नसेल ना?"

भाची ताडकन उठली. "साहेब, माझी आत्या तोंडावर शिव्या देईल, पण पाठीमागून खडा मारणार नाही. आणि असलं आयोडीन काय वाण्याकडे सुट्टं मिळतं?"

बोलता बोलता ती स्वतःच थबकली. वाण्याकडे मिळत नाही, हे खरं. चालू भट्टीत असतं, नाहीतर दवाखान्यात. थायरॉईडच्या रोग्याला देतात. पण आत्या आणि ते औषध? दाढेचा एक्स-रे न काढणारी बाई? छे! सूर्य पश्चिमेला उगवेल.

नियमाप्रमाणे आकडा संध्याकाळपर्यंत केंद्राच्या फाटकावरच्या फळ्यावर लावायचाच होता. भाचीने किरणोत्सर्ग मोजायचं, हातात धरायचं छोटं यंत्र घेतलं आणि आत्याचं घर गाठलं.

आत्या शेळ्यांना पाला टाकत होती. भाचीला बघताच ती चार पावलं मागे सरली. "पुन्हा आलीस? सांगितलं ना तुला!"

"नमुन्यात गडबड आहे. काम करते आणि जाते." भाचीनेही नाकाचा शेंडा वर केला. तिने यंत्र शेळीच्या तोंडाशी धरलं. गप्प. कासेशी धरलं. गप्प. पाला, गोठा, पाण्याची बादली, सगळं गप्प. शेवटी कंटाळून ती वळली, आणि यंत्राचं तोंड सहज आत्याकडे झालं.

यंत्राने जी किरकिर लावली म्हणता! आत्या डावीकडे सरकली, भाचीने यंत्र डावीकडे फिरवलं, किरकिर. आत्या उजवीकडे गेली, किरकिर. आत्या शेळीच्या आड बसली. शेळी बिचारी मध्ये उभी राहून रवंथ करत राहिली आणि यंत्र ओरडतच राहिलं.

"तुझं यंत्र बिघडलंय," आत्या शेळीमागून म्हणाली.

"आत्या, बाहेर ये."

"सरकारी यंत्रं अशीच असतात."

"आत्या! गोळी घेतलीस ना थायरॉईडची? खरं सांग!"

 मग पदराने घाम पुसत आत्या उभी राहिली, पण जवळ आली नाही. आणि इथे खरी पंचाईत झाली. गोष्ट कुजबुजून सांगण्यासारखी, पण दोघी अंगणाच्या दोन टोकांना. कुंपणापलीकडे शिंप्याचं मशीन खडखडत होतं. मशीन चालू असलं की आत्या ओरडायची, थांबलं की तोंड मिटून आभाळाकडे बघायची.

"छातीत नुसतं धडधडायचं... हात थरथरायचे... धार काढता येईना..." खडखड थांबली. आत्याने ढग मोजले. पुन्हा सुरू झाली. "डॉक्टरीणबाई म्हणाली, ही एवढीशी कॅप्सूल, काम तमाम! घेऊन मोकळी झाले! आता कोणत्या तोंडाने सांगू? एक कणसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही म्हणून बोंबलत होते, आणि सगळ्यात मोठा कण माझ्याच गळ्यात!"

"पण मग मला का हाकललंस?"

"अगं बये, तुलाच तर सांभाळायचं होतं! डॉक्टरीण म्हणाली, पोटुशी बाई आणि लहान मूल यांच्यापासून लांब राहा, इतके दिवस. माझा जीव काय कमी तळमळला? पण तुझ्या पोटातल्याला माझ्यामुळे काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

भाचीला हसू फुटलं आणि रडूही फुटलं. आठवडाभर जे ओझं उराशी घेऊन फिरत होती, ते एका क्षणात उतरलं. आत्या रागावली नव्हती. आत्याने तिला तोडलं नव्हतं. तिला धावत जाऊन गळ्यात पडावंसं वाटलं, आणि नेमकं तेच करायची बंदी होती.

"पण दुधात कसं गेलं गं?" तिने डोळे पुसत विचारलं.

आत्याने उजव्या हाताचं बोट वर केलं आणि ओशाळून त्याच्याकडे बघितलं. भाचीने कपाळावर हात मारला. दूध काढलं की बोट बुडवून चाटायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा चाटायचं आणि शेळीने आज काय खाल्लं याचा निकाल द्यायचा, ही आत्याची जन्माची खोड. थुंकीत आयोडीन, थुंकी बोटावर, बोट बाटलीत. आणि हे सगळं जिने डोळ्यांनी बघायचं, ती भरलेली बाटली उचलून मुसमुसत निघून गेली होती.

"आता हे कुणाला सांगू नकोस," आत्या म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या मी हसण्यावारी गेले, की माळाचा प्रश्नही हसण्यावारी गेलाच म्हणून समज. साहेब लोक म्हणतील, ही बाई स्वतः गोळ्या गिळते आणि आम्हाला अक्कल शिकवते."

"तुझ्या आजाराची गोष्ट तुझी आहे. मी सांगणार नाही," भाची म्हणाली. "साहेबांना दूध कसं बिघडलं ते सांगावं लागेल, ते माझं काम आहे. पण गावात मी तोंड उघडणार नाही. एवढं मात्र सांगते, आकडा आज फळ्यावर लागणार. लोक घाबरणार. शेजारचं चांगलं दूध ओतून देणार. ते सगळं तुझ्या गप्प बसण्यापायी, हे लक्षात ठेव."

आत्या वळून शेळ्यांना पाला टाकू लागली. शिंप्याचं मशीन खडखडतच राहिलं.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. आत्या शेवटच्या खिडकीपाशी एकटीच बसली होती, आजूबाजूच्या खुर्च्यांवर पिशव्या ठेवून. मंचावर अध्यक्षबाई, शेजारी दशांशसाहेब आणि कोपऱ्यात भाची. तिने उभं राहून आकडा वाचला मात्र, सभागृहात एकच गलका झाला.

शिंपी तर खुर्चीवरच चढला. "काल फळा वाचला आणि मी अख्खी बादली गटारात ओतली! माझी नात तेच दूध पिते! पिंपं गळतायत आणि तुम्हाला आणखी पिंपं हवीत?"

"पिंपं गळत नाहीत!" साहेब ओरडले. मग भाचीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "सांगा ना बाई. कारण तुम्हाला माहीत आहे. एका वाक्यात सगळं मिटेल."

 सांगितलं तर आत्याची इज्जत जाणार, नाही सांगितलं तर शिंप्याच्या नातीचं दूध गटारात जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. भाचीने माइकसमोर तोंड नेलं. "शिंपीकाका, तुमच्या गाईचं दूध मी स्वतः मोजलंय. ते स्वच्छ आहे, खुशाल प्या. ज्या एका नमुन्यात आढळलं, त्याचं कारण केंद्रातलं नाही. ते कारण सांगायचा अधिकार मात्र माझा नाही."

"म्हणजे लपवाछपवी!" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "पगार केंद्राचा, मग दुसरं काय बोलणार?" तिसऱ्याने तर पोटातल्या बाळावरून काहीबाही म्हटलं. भाचीने आकड्याचा कागद घडी केला आणि माइक बाजूला सारला.

साहेबांचा धीर सुटला. ते उठले. "मग मीच सांगतो!"

"बसा खाली!" मागून आवाज आला. आत्या उभी होती. "माझ्या गळ्यातली गोष्ट आहे, माझ्याच गळ्यातून बाहेर येऊ द्या. आणि माझ्या पोरीला बोललं ते कोण रे? हात वर कर!"

 आत्याने पदर खोचला.

"दूध माझ्या शेळीचं. शेळी चांगली, दूध चांगलं, गवत चांगलं. खोट माझ्यात आहे. मी थायरॉईडची रेडिएशनची गोळी घेतली. होय, मीच! एक कण येऊ देणार नाही म्हणणारी मीच! घेतली आणि लपवली, कारण तुम्ही दात काढाल याची भीती वाटली. मग बोट चाटलं आणि दुधात बुडवलं. झालं! आता हसा."

आणि हो, हसले लोक. का नाही हसणार? छप्पर उडेल असे हसले. शिंपी खुर्चीवरून पडता पडता वाचला. "अहो, आणि माझी बादली?" त्याने विचारलं, तेव्हा तर अध्यक्षबाईंनीही तोंडाला रुमाल लावला. दशांशसाहेबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू उमटलं. त्यांच्या दृष्टीने सुनावणी तिथेच संपली होती. भाचीला मात्र तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. आत्या ज्याला घाबरत होती, तेच डोळ्यांदेखत घडत होतं.

आत्या तशीच उभी होती. हसू ओसरायची वाट बघत होती.

"हसून झालं? मग आता माझं ऐका. ती गोळी मला देताना डॉक्टरीणबाईंनी समोर बसवलं. म्हणाल्या, आजी, अमुक दिवस एकटं झोपायचं. अमुक दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. अमुक तारखेनंतर काळजी नाही, आणि त्या दिवशी या, मी मोजून देते. एवढीशी गोळी, तांदळाच्या चार दाण्यांएवढी. तरी त्या बाईने मला शेवटचा दिवस सांगितला. त्या दिवसाच्या भरवशावर मी माझ्या पोरीला दारातून परत पाठवलं. मन घट्ट केलं, कारण मला माहीत होतं की हे कधीतरी संपणार आहे." ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुमच्या पिंपांचा शेवटचा दिवस कोणता? मला तारीख सांगा."

साहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं. "बाई, साठा तात्पुरता आहे. पिंपं अतिशय मजबूत..."

"मजबूत असतील. मी नाही म्हणतच नाही. तारीख."

"सुरक्षिततेचे सगळे निकष..."

"तारीख, साहेब."

अध्यक्षबाई त्यांच्याकडे वळल्या. "मलाही ऐकायची आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळं सभागृह त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. 

"तारीख नाही," ते शेवटी म्हणाले. "हे इंधन कायमचं कुठे न्यायचं, ती जागाच अजून ठरलेली नाही. माझ्या हयातीत ठरेल की नाही, मला सांगता येत नाही."

 शिंपी हळूच खुर्चीवर खाली बसला.

"बरं वाटलं," आत्या म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सरळ उत्तर मिळालं."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय, आजी? हा साठा नकोच?"

"असं कसं म्हणू? दिवे मीही लावते. जे आहे ते कुठेतरी ठेवावंच लागणार, हवेत तर उडवता येत नाही. पण लांब कुणी राहायचं, किती दिवस राहायचं, पाण्यावर लक्ष कुणी ठेवायचं आणि तुम्ही नसाल तेव्हा मोजायला कोण येणार, हे आमच्यासमोर बसून ठरल्याशिवाय माझ्या माळावर फावडं पडू देऊ नका. माझ्या डॉक्टरणीने मला जेवढं सांगितलं, तेवढं तरी तुम्ही गावाला सांगा."

भाचीला हुंदका आवरेना. तिने तो आवरायचा प्रयत्नही केला नाही. आपली आत्या हसण्यावारी गेली नव्हती, उलट सगळं सभागृह आता तिच्याकडे बघत होतं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि जाहीर केलं, की या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत माळाची परवानगी थांबवली आहे.

लोकांना वाटलं, आता साहेब कागद गोळा करून निघून जातील. पण त्यांनी आपली खुर्ची उचलली. मंचाच्या पायऱ्या उतरून, वाट देणाऱ्या माणसांमधून ती शेवटच्या खिडकीपर्यंत आणली आणि आत्यासमोर ठेवली.

"विचारा," ते म्हणाले. "माहीत आहे ते सांगेन. नाही ते नाही म्हणेन."

"मग बसा," आत्या म्हणाली. "वेळ लागेल."